खाचरातले अदृश्य गडी

(शाळेच्या विज्ञान मंडळात विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. भाताच्या शेतात नत्रखत टाकले म्हणजे मातीतील सूक्ष्मजीवांचे काय होते, हे वक्त्याने येथे सोप्या भाषेत सांगितले आहे.)



आज रात्री तुम्ही जेवायला बसाल तेव्हा तुमच्या ताटात बहुधा भात असेल. कोणी त्याला भात म्हणेल, कोणी क्रिओलमध्ये 'दिरी' म्हणेल. आपल्या मॉरिशस बेटावर भाताशिवाय जेवण पुरे होत नाही. पण आपल्या शेतांत पिकतो तो ऊस. तांदूळ मात्र जवळजवळ सगळा जहाजांतून येतो. २०२३ च्या जुलै महिन्यात भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि ती बंदी २०२४ मध्ये उठली. त्या काळात तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या अनेक देशांना काळजी लागून राहिली होती. तेव्हा दूरच्या देशातील भातशेत नीट पिकते की नाही, हा प्रश्न आपल्याही चुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

आणखी एक नाते आहे. तुमच्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून या बेटावर आले. उसाच्या मळ्यात राबण्यापूर्वी त्यांचे हात भाताच्या खाचरात चिखलाने माखलेले होते. म्हणून आज मी तुम्हांला त्या चिखलाची गोष्ट सांगणार आहे.

खाचर म्हणजे बांध घातलेले भाताचे शेत. पावसाळा सुरू झाला की शेतकरी त्यात पाणी साठवतो, नांगर फिरवून माती आणि पाणी एकजीव करतो. याला चिखलणी म्हणतात. मग रोपवाटिकेत वाढवलेली भाताची रोपे त्या चिखलात लावतो. ही लावणी. त्यानंतर कित्येक आठवडे खाचरात पाणी उभे असते. दुरून पाहिले तर वाटते, रोपे, पाणी आणि चिखल, एवढेच काय ते येथे आहे. पण त्या चिखलाची चिमूट उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तिच्यात कोट्यवधी जिवाणू, शेवाळे आणि इतर सूक्ष्म जीव नांदत असतात. शेतकऱ्याने ते कामावर ठेवलेले नाहीत, त्यांना तो मजुरीही देत नाही. तरीही ते रात्रंदिवस राबतात. हेच खाचरातले अदृश्य गडी.

या गड्यांची वस्ती दोन मजली आहे. पाण्यातून थोडासा प्राणवायू चिखलाच्या अगदी वरच्या थरात उतरतो. हा थर किती जाड असतो? काही मिलिमीटर, फार तर एक सेंटिमीटर. तेथे प्राणवायूवर जगणारे जिवाणू राहतात. त्याखाली मात्र प्राणवायू जवळजवळ नसतोच. तेथे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचे राज्य असते. भाताच्या मुळांभोवती तेवढी एक वेगळी वसाहत असते, कारण भाताचे रोप आपल्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा पोहोचवते. एकाच खाचरात इतक्या निरनिराळ्या प्रकारचे जीव शेजारी शेजारी राहतात, हे भातशेतीचे वैशिष्ट्य आहे. कोरड्या जमिनीतील शेतीत असे आढळत नाही.

आता नत्राकडे वळू. नत्र म्हणजे नायट्रोजन. पानांचा हिरवेपणा, दाण्यातील प्रथिने, सारे काही नत्रावर अवलंबून असते. एक टन भात पिकायचा तर पिकाला साधारण १५ ते २० किलो नत्र लागते. गंमत अशी, की आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे. भाताचे रोप अक्षरशः नत्राच्या समुद्रात उभे असते. पण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की रोपाला ते वेगळे करता येत नाहीत. समुद्रात उभे राहून तहानेने व्याकूळ व्हावे, तशी त्याची स्थिती असते.

मग शेकडो वर्षे कोणी खताचे पोते आणले नाही, तरी आशियातील खाचरांत भात पिकत कसा राहिला? शेणखत आणि पालापाचोळा यांचा वाटा होताच. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नव्हता. १९३९ मध्ये पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने भातखाचरांच्या मातीचा अभ्यास करून याचे एक महत्त्वाचे उत्तर दिले. खाचराच्या पाण्यात आणि चिखलावर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र पकडून त्याचे अन्नात रूपांतर करते, असे त्यांनी दाखवून दिले. हे शेवाळ म्हणजे खरे तर एक प्रकारचे जिवाणूच. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यांच्या माळेसारखे दिसते. त्या माळेत मधूनमधून जाड कवचाचा एखादा मणी असतो. नत्र पकडण्याचा कारखाना त्या मण्यात चालतो. परिस्थिती अनुकूल असेल तर हे शेवाळ एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र खाचराला मिळवून देते. एक हेक्टर म्हणजे आपल्याकडील सुमारे २.४ आर्पां. चिखलातील आणि मुळांजवळील इतर काही जिवाणूही हे काम करतात.

त्यांच्या कामाचा पुरावा पाहायचा असेल तर फिलिपाइन्समधील लोस बान्योस या गावी चला. तेथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या शेतात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रयोग सुरू झाला. त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा भातच लावायचा, आणि १९६८ पासून तर वर्षाला तीन पिके घ्यायची. त्यातील काही वाफ्यांना नत्रखताचा एक कणही द्यायचा नाही, असे ठरले. तुम्हांला वाटेल, चारदोन वर्षांत त्या वाफ्यांत गवतसुद्धा उगवले नसेल. तसे झाले नाही. खत दिलेल्या वाफ्यांइतके नव्हे, तरी त्या वाफ्यांत दशकानुदशके भात पिकत राहिला. दरवर्षी पिकाबरोबर बाहेर जाणारे नत्र मुख्यतः त्या अदृश्य गड्यांनीच पुन्हा भरून काढले.

पण जगाची लोकसंख्या वाढत होती. गड्यांची ही कमाई पुरेशी नव्हती. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतील नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश याने त्याचा मोठा कारखाना उभारला आणि १९१३ मध्ये तो सुरू झाला. अशा कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक दाब वापरावा लागतो. जे काम शेवाळाचा मणी खाचराच्या कोमट पाण्यात गुपचूप करतो, त्यासाठी माणसाला एवढी भट्टी पेटवावी लागते! या अमोनियापासून युरिया तयार होतो. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते.

१९६६ मध्ये लोस बान्योसच्या संस्थेने आय.आर. ८ ही भाताची जात शेतकऱ्यांना दिली. जुन्या उंच जातींना जास्त खत दिले की त्या आडव्या पडत. ही बुटकी जात आडवी पडत नव्हती, आणि खत मिळाले की भरभरून दाणे देत होती. त्यानंतर आशियाभर युरियाची पोती खाचराच्या बांधावर येऊ लागली. कोट्यवधी लोकांच्या तोंडी घास पडला, हे आपण कधीही विसरता कामा नये.

आता नीट लक्ष द्या. शेतकऱ्याने पोते फोडले, मुठीने पांढरे दाणे उचलले आणि खाचराच्या पाण्यावर फेकले. पुढे काय होते?

पहिली गोष्ट. रोपाच्या मुळांना त्या दाण्यांचा पत्ता लागण्याआधीच तो जिवाणूंना लागतो. मातीतील अनेक जिवाणूंपाशी युरिया फोडणारे एक विकर असते. त्याच्या साहाय्याने काही दिवसांतच युरियाचे अमोनियात रूपांतर होते. म्हणजे आपण म्हणतो, 'पिकाला खत घातले'. पण खताचे ताट आधी वाढले जाते ते सूक्ष्मजीवांच्या पंगतीत.

दुसरी गोष्ट. आयते नत्र मिळताच पाण्यातील शेवाळ झपाट्याने वाढते. दुपारच्या उन्हात ते पाण्यातला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते. त्यामुळे पाणी दुपारपुरते अल्कधर्मी बनते, आणि अल्कधर्मी पाण्यातून अमोनिया वायुरूपाने हवेत उडून जातो. पहा, खत खाऊन वाढलेले शेवाळच उरलेल्या खताला हवेची वाट दाखवते.

तिसरी गोष्ट. चिखलाच्या वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, हे मी सांगितलेच आहे. तेथील काही जिवाणू अमोनियाचे नायट्रेट बनवतात. त्यांचे पोट त्यावरच चालते. अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर सहज खाली झिरपते. खालच्या मजल्यावर प्राणवायू नसतो. तेथील जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधील प्राणवायू वापरून घेतात आणि नत्र सोडून देतात. ते बुडबुड्यांच्या रूपाने हवेत परत जाते. ज्या हवेतून कारखान्याने मोठ्या खटाटोपाने ते काढले होते, त्याच हवेत! त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड या वायूच्या रूपाने निसटतो. पृथ्वीला तापवण्यात हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.

या साऱ्याचा परिणाम असा, की पाण्यावर फेकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच त्या हंगामात पिकाला मिळते. काही भाग मातीत राहतो, पण बराचसा वाया जातो. शेतकरी तीन पोत्यांचे पैसे मोजतो आणि जेमतेम एका पोत्याचे नत्र रोपाच्या अंगी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत मनाला चटका लावणारी आहे. हवेतील नत्र पकडणे हे फार शक्तीचे काम आहे. तेव्हा भोवतालच्या पाण्यात आयता अमोनिया दिसू लागला की निळे-हिरवे शेवाळ आपला कारखाना बंद करते. फुकट धान्य मिळू लागल्यावर शेत कोण कसणार? एवढेच नव्हे, तर नत्र न पकडणारी साधी हिरवी शेवाळे अशा पाण्यात जोमाने वाढतात आणि जुन्या गड्यांना मागे सारतात. शेतकऱ्याने विकतचे नत्र आणले, आणि त्याच वेळी घरचे फुकटचे नत्र येणे थांबले.

हे ऐकून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "म्हणजे युरिया हे मातीला विषच झाले की!" थांबा. असे घाईने म्हणू नका. विज्ञान आपल्याला आधी मोजायला सांगते, मग बोलायला.

शास्त्रज्ञांनी अनेक देशांतील दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांतील माती तपासली. बेताने नत्रखत दिलेल्या भातखाचरांत सूक्ष्मजीवांचा एकूण भार खत न दिलेल्या खाचरांपेक्षा कमी झालेला नव्हता. उलट तो साधारणपणे वाढलेलाच आढळला. असे का व्हावे? कारण सोपे आहे. खतामुळे पीक जोमदार येते, मुळे वाढतात, कापणीनंतर धसकटे आणि पेंढा अधिक उरतो, आणि तेच सूक्ष्मजीवांचे अन्न असते. जेथे खताबरोबर शेणखत किंवा हिरवा पाला दिला होता, तेथे हा भार आणखी वाढला. कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षे नत्रखत दिल्याने माती आंबट होते आणि जिवाणूंना त्रास होतो. भातखाचरात पाणी उभे असल्यामुळे हा धोका बराच कमी होतो.

तेव्हा युरिया गड्यांना मारत नाही. तो गड्यांची कामे बदलतो. कोणाला काम मिळते, कोणाचे काम जाते, आणि कोणी गोदामाला भोक पाडतो. खरा प्रश्न खत द्यावे की न द्यावे हा नाही. ते किती द्यावे, कोठे द्यावे आणि कशाबरोबर द्यावे, हा आहे.

आणखी एक आश्चर्य ऐका. शास्त्रज्ञांनी नत्राच्या खास जड अणूंची खूण करून युरिया दिला आणि भाताच्या रोपात त्यातले किती अणू पोहोचले ते मोजले. भरपूर खत दिलेल्या शेतातसुद्धा रोपातील निम्म्याहून अधिक नत्र खतातून नव्हे, तर मातीतून आलेले असते! मातीतील हे नत्र कोण पुरवते? पुन्हा तेच गडी. जिवाणू पेंढा कुजवतात तेव्हा काही नत्र आपल्या शरीरात साठवून ठेवतात. ते मेले की ते नत्र मोकळे होते आणि मुळांना मिळते. एका अर्थी सूक्ष्मजीव म्हणजे खाचराची पेढी आहे. हंगामात ठेव ठेवायची, हंगामात काढायची. या पेढीकडे दुर्लक्ष करून नुसती रोख रक्कम उधळत राहिलो, तर काय होते?

त्याचेही उत्तर लोस बान्योसच्या त्याच प्रयोगात मिळाले. तेथे भरपूर नत्र दिलेल्या वाफ्यांचे उत्पन्न १९७० आणि १९८० च्या दशकांत हळूहळू उतरत गेले. विशेष म्हणजे मातीतील एकूण नत्र कमी झालेले नव्हते. मग ते पिकाला का मिळत नव्हते? शास्त्रज्ञांनी शोध घेतला. वर्षाला तीन पिके म्हणजे जमीन जवळजवळ बारमाही पाण्याखाली. प्राणवायू नसल्यामुळे जिवाणू पेंढ्यातील काष्ठद्रव्य पुरते कुजवू शकत नव्हते. त्यातून उरलेले पदार्थ मातीत साठत गेले आणि त्यांनी नत्राला घट्ट बांधून ठेवले. पेढीत पैसा होता, पण तिजोरीची किल्ली हरवली होती. १९९० च्या दशकात दोन पिकांच्या मध्ये जमीन कोरडी होऊ दिली, खताची मात्रा आणि वेळ सुधारली, तेव्हा उत्पन्न पुन्हा चढले. जमिनीला श्वास घेऊ दिल्याबरोबर गडी कामाला लागले.

खाचरातून आणखी एक वायू निघतो, तो मिथेन. प्राणवायू नसलेल्या तळच्या चिखलात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव राहतात. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे दहावा हिस्सा भातशेतीतून येतो. मुळांजवळच्या हवेशीर भागात मात्र मिथेन खाणारे जिवाणूही असतात, आणि बराचसा मिथेन ते बाहेर पडण्याआधीच संपवतात. नत्रखत या जिवाणूंच्या कामात अडथळा आणते, असे पूर्वी मानले जात असे. २००० मध्ये पॉल बोडेलिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की भाताच्या मुळांजवळ अमोनियायुक्त खत मिळाल्यावर हे जिवाणू उलट जोमाने वाढतात आणि अधिक मिथेन खातात. मात्र खतामुळे पीक फोफावले की मिथेन बनवणाऱ्यांनाही जास्त अन्न मिळते. म्हणून एकच सरळ उत्तर येथे मिळत नाही. निसर्गाचे हिशेब एका ओळीत संपत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग शेतकऱ्याने करावे काय? उत्तर दोन मजल्यांच्या त्या वस्तीतच दडलेले आहे. युरिया वरच्या मजल्यावर फेकला की उडतो, निसटतो आणि शेवाळाचा कारखाना बंद पाडतो. तोच खालच्या मजल्यावर पुरला तर? तेथे प्राणवायू नाही, म्हणून अमोनियाचे नायट्रेट होत नाही. वरच्या पाण्यात अमोनिया फारसा येत नाही, म्हणून तो उडून जात नाही आणि निळे-हिरवे शेवाळ आपले काम चालू ठेवते. मुळे मात्र सावकाश तेथे पोहोचतात आणि हवे तेवढे घेतात. खत चिखलात खोल मिसळावे, हा विचार जपानमध्ये शिओइरी या मृदाशास्त्रज्ञाने फार पूर्वीच मांडला होता. बांगलादेशात शेतकरी युरियाच्या टपोऱ्या गोळ्या चिखलात खोचतात. त्यांना तेथे 'गुटी युरिया' म्हणतात. त्यामुळे सुमारे एक तृतीयांश युरिया वाचतो.

आपल्या पूर्वजांच्या कोकणातही हे तंत्र पोहोचले आहे. डॉ. नारायण सावंत या मृदाशास्त्रज्ञांनी 'चारसूत्री भातशेती' शेतकऱ्यांना दिली. तिची चार सूत्रे अशी. पहिले, भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीलाच परत द्यायची. दुसरे, बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. तिसरे, रोपे वाटेल तशी न लावता दोरीच्या खुणेवर, १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवून लावायची. चौथे, जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया आणि डी.ए.पी. यांची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. चूड म्हणजे एके ठिकाणी लावलेली दोन-तीन रोपे.

याचे गणित तुम्हीच करून पहा. दोन्ही बाजूंनी १५ आणि २५ मिळून ४० सेंटिमीटर होतात. म्हणजे दर ४० सेंटिमीटरच्या चौरसाला एक गोळी. एका हेक्टरात असे ६२,५०० चौरस बसतात. एका गोळीचे वजन २.७ ग्रॅम. म्हणजे हेक्टरी सुमारे १७० किलो खत आणि त्यात सुमारे ५७ किलो नत्र. आता चारही सूत्रे एकत्र पहा. पेंढा आणि पाला हे गड्यांचे जेवण आहे, आणि खोल खोचलेली गोळी हे पिकाचे. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये, अशी ही व्यवस्था आहे. हे काम कष्टाचे आहे. भर पावसात कमरेत वाकून एकेक गोळी खोचावी लागते. म्हणून सर्वच शेतकऱ्यांना ते जमत नाही. ते सोपे करणारी साधी, स्वस्त यंत्रे घडवणे हे पुढच्या पिढीचे काम आहे.

दुसरा एक उपाय कडुनिंबाचा आहे. निंबोळीच्या तेलाचा लेप दिलेला युरिया मातीत गेला की अमोनियाचे नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतो आणि नत्र अधिक दिवस टिकते. २०१५ मध्ये भारताने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला असा लेप देणे सक्तीचे केले. ज्या झाडाचा पाला आपल्या आजीबाई धान्यात घालून ठेवत, त्याचीच ही नवी करामत.

मित्रांनो, माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून थांबू नका. स्वतः पहा. रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. आपल्या बेटावरची तांबडी माती प्रत्येकीत अर्धी बरणी भरा. वाळक्या गवताचे बारीक तुकडे तिच्यात मिसळा. मातीवर चार बोटे उभे राहील इतके पाणी घाला. दुसऱ्या बरणीत शिक्षकांच्या देखरेखीखाली युरियाचे चार-पाच दाणे टाका. बरण्यांची झाकणे घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होतात. दोन्ही बरण्या खिडकीशी ठेवा, पाणी आटले तर पुन्हा घाला, आणि तीन-चार आठवडे रोज निरीक्षण करा. खालची तांबडी माती हळूहळू करडी होत जाईल. वर मात्र तांबूस रंगाची एक पातळ पट्टी राहील. तीच ती दोन मजल्यांमधली सीमा! बरणीवर हलकेच टिचकी मारा. चिखलातून बुडबुडे वर येतील. कोणत्या बरणीतले पाणी आधी हिरवे झाले? कोणत्या बरणीतला हिरवा रंग गडद आहे? दोन्ही बरण्यांत काय फरक दिसतो, तो तारीख घालून वहीत लिहा. बरण्या हाताळल्यावर हात साबणाने धुवायला विसरू नका.

असे निरीक्षण तुम्ही केलेत, तर उद्या उसाच्या मळ्यात खताचे पोते दिसेल तेव्हाही तुमच्या मनात प्रश्न उभा राहील: यातले किती पिकाला मिळेल, किती पावसाबरोबर ओढ्यात आणि समुद्रात जाईल, आणि मातीतल्या जिवांचे काय होईल? ज्याला असा प्रश्न पडतो, तो पोते अधिक जपून उघडतो.

शेतकऱ्याच्या घरी जुनी रीत होती, की गड्यांना आधी वाढायचे आणि मग घरच्यांनी जेवायचे. राबणाऱ्यांना उपाशी ठेवून घर चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मातीतले गडी डोळ्यांना दिसत नाहीत, बोलत नाहीत, मजुरी मागत नाहीत. पण त्यांना थोडा पाला, थोडा पेंढा, मधून मधून मोकळी हवा हवी असते. तेवढे त्यांना दिले आणि खत योग्य जागी, बेताने घातले, तर माणसाचा कारखाना आणि शेवाळाचा कारखाना दोन्ही चालू राहतील.

आज रात्री भाताचा पहिला घास घ्याल तेव्हा तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आठवण करा. आणि त्याच्या पायाखालच्या चिखलात राबणाऱ्या त्या असंख्य गड्यांनाही विसरू नका.